शहाडहून डॉल्फिन बघायला : बोटीचे पैसे आणि थांबण्याचे पैसे

डॉल्फिनची फेरी केवढ्याला, असे कोकणातल्या किनाऱ्यावर विचारले की उत्तर लगेच मिळते : माणशी तीनशे, कुठे चारशे, सुट्टीच्या दिवसांत पाचशे. शहाडहून निघणाऱ्या घराला हे उत्तर पुरत नाही. त्या बोटीत पाय ठेवेपर्यंत लोकल, एसटी, रिक्षा, खोली आणि दोन दिवसांचे जेवण एवढा खर्च झालेला असतो. त्यानंतर समुद्र खवळलेला निघाला तर काय, हे कुणाच्याच दरफलकावर लिहिलेले नसते. नात्यातल्या आणि शेजारच्या मंडळींना मी ही सहल आखून देतो, तेव्हा एक गोष्ट सगळ्यांत आधी सांगतो. या सहलीत बोट स्वस्त आहे. महाग पडते ती राखून ठेवलेली एक जादा सकाळ. ती राखली नाही तर समुद्र खराब असला तरी माणूस बोटीत चढतो, कारण दुपारी परतीची गाडी असते.

मीही तसा चढलो होतो. एप्रिल अखेरची दुपार, साडेतीन वाजलेले, सहा वाजता परत निघायचे होते. होडीच्या कडेवर आठ माणसांचा आकडा रंगवला होता आणि आत आम्ही बारा होतो. किनारा सोडून दहा मिनिटे होत नाहीत तोच होडी लाटेवरून खाली आपटायला लागली. आईला उलट्या सुरू झाल्या, मुलगी माझ्या दंडाला घट्ट धरून डोळे मिटून बसली. होडीवाल्याने हात केला तिकडे दोन करड्या पाठी वर आल्या आणि गेल्या. आमच्यातल्या निम्म्यांनी मान वरही केली नाही. ठरलेले पैसे दिले, डॉल्फिन दिसले असेही म्हणता आले, पण आई त्यानंतर पुन्हा होडीत बसली नाही. हा लेख मी त्या दुपारीच मनात लिहायला घेतला होता.

कुठला किनारा

शहाडहून विचार करायचा तर पहिला किनारा दापोलीचा : मुरूड, कर्दे, हर्णै. हे मुरूड दापोली तालुक्यातले. जंजिऱ्याजवळचे मुरूड रायगड जिल्ह्यात आहे. खोली ठरवताना हा घोळ घालणारी माणसे मी पाहिली आहेत. दापोलीचा किनारा शहाडहून सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर पडतो. शुक्रवारी निघून रविवारी परत येता येते. हर्णैला मासळीचा लिलाव आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग आहे, त्यामुळे डॉल्फिन दिसले नाहीत तरी दिवस वाया जात नाही. हा मुद्दा हिशेबात धरा, कारण डॉल्फिन दिसतीलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

दुसरा किनारा मालवण, तारकर्ली, देवबागचा. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते त्या देवबागच्या टोकाशी डॉल्फिन पुष्कळदा दिसतात. तिथे पर्यटनाची व्यवस्था मोठी आहे, होड्या अधिक आहेत. पण शहाडहून हे अंतर दापोलीच्या दुप्पट. कुडाळपर्यंत रात्रीची गाडी आणि पुढे एसटी किंवा रिक्षा. तीन रात्रींखाली हा बेत करू नये. गोव्यालाही अशा फेऱ्या निघतात, पण निव्वळ डॉल्फिनसाठी शहाडहून गोवा गाठण्यात अर्थ नाही.

एका दिवसात जाऊन येऊ, असे म्हणणाऱ्यांसाठी स्पष्ट सांगतो : नका जाऊ. डॉल्फिनची वेळ सकाळची. शहाडहून पहाटे निघून तुम्ही किनाऱ्यावर पोचता ते दुपारी, म्हणजे नेमके वारा चढतो तेव्हा. एका रात्रीचे खोलीभाडे वाचते, पण सहलीतली सर्वांत वाईट वेळ तेवढी पदरात पडते.

काय दिसते

आपल्या किनाऱ्याजवळ दिसतो तो बहुतेक वेळा मदारीचा डॉल्फिन. पाठीवर उंटासारखा उंचवटा आणि त्यावर छोटा पर, रंग करडा. हिंदी महासागरातली ही जात उथळ पाण्यात, खाड्यांच्या आणि नद्यांच्या मुखाशी राहते, म्हणून किनाऱ्यापासून फार आत न जाता दिसते. जगात ती संकटग्रस्त मानली गेली आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मुंबईच्या किनाऱ्याजवळ डॉल्फिन दिसल्याच्या चित्रफिती फिरल्या. लोकांना वाटले डॉल्फिन परत आले. ते तिथलेच होते, बघणाऱ्यांना तेव्हा उसंत मिळाली होती. खोल पाण्यातल्या जाती उड्या मारतात तशा उड्या हा डॉल्फिन फारशा मारत नाही. श्वास घ्यायला वर येतो, पाठ दाखवतो, काही सेकंदांत खाली जातो. खोलीच्या भिंतीवरच्या पोस्टरवर उडी मारणारा डॉल्फिन बघून गेलात तर निराश व्हाल. पाठ कशी दिसते ते मुलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती दिसली की मुले आनंदाने ओरडतात.

देवमासा म्हणजे व्हेल दाखवतो असे कोणी म्हणाले तर त्यासाठी एक रुपयाही जादा देऊ नका. देवमासे आपल्या समुद्रात आहेत. २०१५ साली सिंधुदुर्गात कुणकेश्वरजवळच्या समुद्रात अभ्यासकांना निळा देवमासा दिसला, पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला एक निळा देवमासा किनाऱ्याला लागला आणि मेला. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या वाळूवर ब्राइड्स जातीच्या देवमाशाचे धूड आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला किनाऱ्याला लागलेले देवमाशाचे पिल्लू वाचवण्यासाठी गावकरी, वनखाते आणि इतर यंत्रणा दोन दिवस झटल्या, तरी ते वाचले नाही. हे प्राणी सहसा दूर, खोल पाण्यात असतात आणि छोट्या होडीने तिथे जायचे नसते. ठरवून देवमासे बघायचे तर आपल्याला सर्वांत जवळचे नावाजलेले ठिकाण श्रीलंकेच्या दक्षिण टोकाचे मिरिसा, नोव्हेंबर ते एप्रिल. तो खर्च पासपोर्टापासून सुरू होतो, त्यामुळे या लेखात तो धरत नाही.

जाण्यायेण्याचे पैसे

सगळ्यांत स्वस्त रस्ता रेल्वेचा. शहाड ते दिवा लोकलला दहा रुपये आणि दिव्याहून सकाळी सुटणाऱ्या सावंतवाडी गाडीने खेड. बिनआरक्षित तिकीट शंभर रुपयांच्या आसपास. गाडी सकाळी लवकर सुटते आणि कसाऱ्याकडून येणाऱ्या लोकलच्या वेळेचा भरवसा पहाटे कमी असतो, म्हणून शहाडहून पाचच्या आत निघा किंवा रिक्षाने सरळ कल्याण गाठून तिथून दिव्याची लोकल पकडा. खेडला उतरून दापोलीला एसटीने तासभर, तिथून कर्दे किंवा मुरूड. दापोलीहून किनाऱ्याकडे एसटी जाते, पण सामान आणि म्हातारी माणसे असतील तर रिक्षा करा. एका खेपेला साडेतीनशे-चारशे रुपये मी धरतो.

एसटीचा हिशेब घरातल्या माणसांवर ठरतो. २५ जानेवारी २०२५ ची भाडेवाढ धरून साध्या गाडीला सहा किलोमीटरच्या टप्प्यामागे सुमारे दहा रुपये पडतात, म्हणजे कल्याण ते दापोली पूर्ण तिकीट ढोबळमानाने चारशे. बायकांना १७ मार्च २०२३ पासून सर्व एसटी गाड्यांत अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीटच नाही, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे. आता समजा घरात नवरा, बायको, सत्तर वर्षांची आजी आणि दहा वर्षांचा मुलगा आहे. एका बाजूचे ४००, २००, २०० आणि २००, मिळून हजार. जाऊन येऊन दोन हजार. वयाचा दाखला म्हणून आजीचे आधारकार्ड जवळ ठेवा. कल्याण आणि विठ्ठलवाडी या दोन्ही आगारांत दापोलीच्या गाड्यांची वेळ आदल्या आठवड्यात विचारून घ्या आणि आरक्षण करा; होळी, गणपती आणि नाताळात उभे राहून कोकणात जाणे म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही.

स्वतःची गाडी असेल तर तिथले फिरणे धरून पाचशे किलोमीटर, लिटरला पंधरा किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपयांनी, म्हणजे साधारण साडेतीन हजार. टोल वेगळा. चार कर्त्या पुरुषांना ही गाडी एसटीइतकीच पडते. वरच्या घराला मात्र, एसटीचे दोन हजार आणि रिक्षाचे सातआठशे धरले तरी, सातशे रुपये महाग. गाडीचा खरा फायदा दुसरा आहे : वाऱ्याने बेत हुकला तर परतीचे तिकीट बुडत नाही. गाडीने जाणाऱ्यांनी पहाटे साडेचारला शहाड सोडावे. पत्रीपूल आणि शिळफाटा सहाच्या आत ओलांडला तर पनवेल लवकर गाठता येते. आठला शिळफाट्यावर अडकलात तर दिवसाची चव तिथेच जाते. उल्हासनगर, अंबरनाथवरून खोणी-तळोजा रस्त्यानेही पनवेलला निघता येते.

खोली, जेवण, बोट

कर्दे-मुरूडला घरगुती राहण्याची सोय पुष्कळ घरांत आहे. सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदलेली घरेही कोकणात आहेत. चार माणसांच्या साध्या खोलीला आठवड्याच्या मधल्या दिवशी दीड हजार आणि शनिवार-रविवारी दोन-अडीच हजार धरा; नाताळात याच्या दुपटीलाही खोली मिळत नाही. शाकाहारी ताट दीडशे-दोनशे, माशाचे ताट अडीचशे ते चारशे. पापलेट आणि सुरमईच्या ताटाचा भाव जेवायला बसण्यापूर्वी विचारा. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही, मासळीचा भाव रोज बदलतो.

बोटीचे मी माणशी चारशे धरतो. काही ठिकाणी माणशी भाव असतो, काही ठिकाणी अख्ख्या होडीचा. होडीचा भाव असेल तर तुमच्याबरोबर आणखी कोण आणि किती जण येणार हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर भाव कमी करून माणसे वाढवली जातात. फेरी पाऊण ते सव्वा तासाची. पैसे अर्धे आधी, अर्धे उतरल्यावर, हा सौदा बहुतेक जण मान्य करतात. सगळे पैसे आधी देऊ नका. किनाऱ्यावर मोबाइलला नेटवर्क जाते-येते, म्हणून रोख रक्कम बरोबर ठेवा.

आणि हा एक प्रश्न खोली ठरवतानाच विचारा, कारण खोलीवालेच बहुधा बोटही ठरवून देतात : वारा चढला आणि बोट निघाली नाही, तर पैसे परत की दुसऱ्या सकाळी फेरी? उत्तर फोनवरच्या संदेशात लिहून मागा. पुढे वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तोच संदेश उपयोगी पडतो.

सगळे मिळवले तर वरच्या चौघांच्या घराला दोन रात्रींचा खर्च असा येतो : एसटी दोन हजार, दापोलीपासूनची रिक्षा आठशे, खोली चार हजार, जेवण-नाश्ता साडेतीन हजार, बोट सोळाशे, औषध आणि किरकोळ शंभर. बारा हजार रुपये. त्यात बोट सोळाशेची. यावर साडेतीन हजार वेगळ्या पाकिटात ठेवा, एक जादा रात्र आणि एका दिवसाचे जेवण म्हणून. ते खर्च झाले नाहीत तर परत येतील. पण ते पाकीट नसेल तर निघू नका, एक महिना थांबा.

दिवस कसा निवडायचा

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण पाठ केले होते. ते इथे उपयोगाला येतात. रात्री जमीन लवकर थंड होते आणि पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, हा मतलई. तो किनाऱ्याजवळचे पाणी सपाट ठेवतो. दिवस चढला की जमीन तापते, वारा समुद्रावरून आत येतो, हा खारा. दुपारनंतर तोच लाटा उभ्या करतो. म्हणून होडी सकाळी साडेसहा-सातला निघावी आणि साडेनऊच्या आत परत यावी. अकरानंतरची फेरी, भाव निम्मा केला तरी, घेऊ नये. दुपारी होड्या रिकाम्या असतात म्हणून भाव पडतो, आणि त्या रिकाम्या का असतात हे तिथल्या माणसांना ठाऊक असते.

महिन्यांचे सांगायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. थंडीत मधूनच उत्तरेचा वारा दोन-तीन दिवस जोर धरतो, तेव्हा मात्र थांबावे. मार्च-एप्रिलमध्ये सकाळ चांगली आणि दुपार वाईट. मे महिना मी टाळतो. पावसाळ्याआधी दूरच्या समुद्रातून लांब लाटा यायला लागतात, आणि किनाऱ्यावर ऊन पडलेले असतानाही पाणी खालून उचलते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोन जणांचा जीव गेला. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्ट अखेरपर्यंत प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद ठेवल्या जातात. त्या काळात कोणी गुपचूप नेतो म्हणाला तर पाठ फिरवा. सप्टेंबरात बंदी उठते, पण पाणी गढूळ आणि समुद्र अजून अस्वस्थ असतो.

आता तिथी. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा. मुंबईच्या किनाऱ्याला हे ढोबळ बसते, दक्षिणेकडे भरती थोडी लवकर येते. कल्याणला दुर्गाडीखालच्या खाडीत पाणी चढते-उतरते ते याच गणिताने, फक्त थोडे उशिरा; तिथे उभे राहून मुलांना आधी दाखवता येईल. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, म्हणजे पाणी खूप चढते आणि खूप ओसरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, चढउतार कमी.

यातून सहलीसाठी दोन गोष्टी निघतात. अष्टमी-नवमीच्या सकाळी पाणी किनाऱ्याजवळ भरलेले असते आणि प्रवाह मंद असतो. चढायला, उतरायला आणि फिरायला हाच दिवस चांगला. याच्या उलट अमावस्या-पौर्णिमेची दुपार सर्वांत वाईट. बारानंतर ओहोटीचे पाणी जोराने बाहेर धावते आणि खारा वारा त्याच्या तोंडावर येतो. आंजर्ल्याच्या किंवा कर्लीच्या खाडीमुखासारख्या जागी हे दोन्ही समोरासमोर भिडतात आणि लाटा आखूड, उभ्या होतात. छोटी होडी नेमकी त्याच जागी अडचणीत येते. घरातल्या कालनिर्णयावर तिथी बघून मग रजा टाका.

आदल्या रात्री हवामान खात्याचा किनारपट्टीचा अंदाज आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक केंद्राचा लाटांच्या उंचीचा अंदाज बघा. इथे लोकांची एक गैरसमजूत होते. हवामान खात्याचा मच्छीमारांना इशारा साधारणपणे ताशी ४५ किलोमीटर आणि त्यापुढच्या वाऱ्यासाठी येतो. इशारा नाही याचा अर्थ तुमच्या आजीसाठी समुद्र शांत आहे असा होत नाही. वारा ताशी वीस किलोमीटरच्या पुढे गेला की लाटांच्या माथ्यावर जागोजाग पांढरा फेस दिसू लागतो. मी घरच्यांना सांगतो ती रेघ अशी : लाट एक मीटरच्या आत असेल तर सगळे जण, एक ते दीडमध्ये फक्त धडधाकट मोठी माणसे, त्यावर कोणीच नाही. आणि सकाळी किनाऱ्यावर उभे राहून दूरवर सगळीकडे फेस दिसला, तर कागदावरचा अंदाज काहीही असो, खोलीवर परत चहा घ्यायला जा.

चढण्यापूर्वी

जॅकेट अंगावर चढवून बंद लावलेले असले पाहिजे, बाकाखाली रचलेले नव्हे. खांद्याला धरून वर ओढले आणि ते कानापर्यंत आले तर ते सैल आहे. मुलाला मुलाचेच जॅकेट हवे. मोठ्याचे जॅकेट पाण्यात डोक्यावरून निसटते. मुलाच्या मापाचे नाही असे उत्तर आले तर ती होडी सोडा. १८ डिसेंबर २०२४ रोजी एलिफंटाला निघालेली प्रवासी बोट नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून मुंबईच्या बंदरात बुडाली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. तो दिवस खवळलेल्या समुद्राचा नव्हता. शांत पाण्यात जॅकेट काढून ठेवणाऱ्यांना मी याची आठवण करून देतो.

होडीवर नोंदणी क्रमांक आणि माणसांचा आकडा रंगवलेला असतो. मेरीटाइम बोर्डाची परवानगी आहे का हे विचारायला लाजू नका. माणसे मोजा. आकड्यापेक्षा एक जरी जास्त असेल तर उतरा. दुसरे इंजिन किंवा निदान वल्ही आहेत का बघा. कर्दे-मुरूडला धक्का नाही, गुडघाभर, कधी कमरेभर पाण्यातून होडीत चढावे लागते. साडी आणि जीन्स दोन्ही इथे नकोशी होतात. गरोदर बायका, पाठीच्या मणक्याचे दुखणे असलेली माणसे आणि अलीकडे शस्त्रक्रिया झालेले कोणी असेल तर त्यांना किनाऱ्यावर ठेवा. लाटेवरून होडी आपटते तो दणका थेट कण्यात बसतो.

उलटीचा त्रास टाळता येतो, हे पुष्कळांना माहीत नसते. गोळी होडीत चढल्यावर घेऊन उपयोग नाही. एक-दोन तास आधी घ्यावी लागते. सिनारिझिन किंवा ॲव्होमीन कोणती आणि किती, हे आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारा, विशेषतः आजी आणि मुलांसाठी, कारण या गोळ्यांनी झोप येते. पोट रिकामे नको आणि तुडुंबही नको : दोन पोळ्या किंवा थोडे पोहे, तेलकट काही नाही. आलेपाकाची वडी तोंडात ठेवा. होडीच्या पुढच्या टोकाला फोटो चांगले येतात, पण तिथेच होडी सर्वांत जास्त उचलते. म्हाताऱ्यांना आणि मुलांना मध्ये किंवा मागे बसवा. डोळे मोबाइलच्या पडद्यावर नव्हे, क्षितिजावर. माझ्या आईला त्या दुपारी यातले काहीच सांगितले नव्हते, याची मला आजही चुटपुट आहे.

डॉल्फिन दिसले की होडीवाल्याला सांगा, दादा, इंजिन हळू करा, मागे लागू नका. होडी त्यांच्या बाजूने, अंतर राखून चालली तर ते बराच वेळ जवळपास राहतात. चहूबाजूंनी होड्या घुसल्या तर खाली जातात आणि दूर निघतात. पाठलागासाठी जादा पैसे देणारे आपणच असतो, त्यामुळे तो थांबवणेही आपल्याच हातात आहे. डॉल्फिन आणि देवमासे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांना त्रास देणे गुन्हा आहे. किनाऱ्यावर एखादा जिवंत डॉल्फिन लागलेला दिसला तर शेपटीला धरून ओढू नका. अंग ओले ठेवा, वरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी जाऊ देऊ नका आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. समुद्रात माणसे अडचणीत असतील तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. हे दोन्ही आकडे निघण्यापूर्वी मोबाइलमध्ये घालून ठेवा.

मागच्या हिवाळ्यात मावशीच्या घरच्यांना घेऊन मी दापोलीच्या किनाऱ्यावर होतो. शनिवारी सकाळी साडेसहाला आम्ही जॅकेटे चढवून उभे होतो. उत्तरेचा वारा रात्रीच सुटला होता. आमच्या होडीचा तांडेल पाण्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "आज नको दादा. पाणी बरा नाय." शेजारच्या एका होडीवाल्याने आम्हांला शंभर रुपये कमी करून बोलावले. मावशीचा मुलगा पाऊल उचलणार होता, मी त्याला थांबवले. तो दिवस आम्ही हर्णैच्या लिलावात आणि वाळूत घालवला. रविवारीही वारा राहिला. सोमवारची रजा फोनवर मागितली, खोली आणखी एक रात्र ठेवली. सोमवारी सात वाजता पाणी काचेसारखे होते. होडी निघाली, अजून किनाऱ्यापासून दूर नव्हतो. पाच-सहा पाठी होडीच्या बाजूने संथपणे वर येत, श्वासाचा फुस्स आवाज करत चालल्या होत्या, त्यात एक पिल्लू आईला चिकटून. मावशी एकाहत्तर वर्षांची आहे. ती पंचवीस मिनिटे एक शब्द बोलली नाही. त्या जादा रात्रीचे आम्ही अठराशे रुपये मोजले. तुमच्या हिशेबात ते पहिल्या ओळीवर लिहा आणि मगच खोली ठरवायला फोन करा.